जिन्यात आहेत

मी झोपलेली नाही हं. नुसती पाठ टेकलीय. रविवार आहे, दुपारचे अडीच वाजलेत, खालून भंगारवाला ओरडत गेला तेही मला स्वच्छ ऐकू आलं. झोपलेल्या माणसाला ऐकू येतं का? पंखा दोनावर आहे आणि प्रत्येक फेरीला कट्ट करतो. जयवंत असते तर स्टुलावर चढून त्याचा निकाल लावला असता. पण ते नाहीत, आणि मी काही सदुसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढून हाडं मोडून घेणार नाही.

ते होते तोवर मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. 'अहो'वर एक्केचाळीस वर्षं निघाली. आता घेते. आता कोण अडवतंय.

डोळे मिटले की ती बाई येते. सकाळच्या सिनेमातली, दार लावून घेणारी. डोळे उघडले की पंखा. काय करावं माणसानं?

त्या सिनेमाला मी जायलाच नको होतं. आमच्या सांगलीत वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक चित्रपट मंडळ चालतं. एक रविवार आड, सकाळी दहाला सिनेमा. जयवंत आणि भूपाल मगदूम, दोघांनी मिळून ते सुरू केलं होतं. जयवंत मोजणी खात्यात होते, भूपाल हायस्कुलात गणित शिकवायचे. भूपालनी लग्न केलं नाही. आमच्या घरात माझे ते 'मगदूम सर' होते, लेकीचे काका होते आणि जयवंतचे मित्र. मित्र हा शब्द मी तीसेक वर्षं वापरला. त्याच्या पलीकडचा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. तोंडातून काढायचा नव्हता.

जयवंतना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा फोन मी बंद केलेला नाही. रिचार्ज मारते, चार्जिंगला लावते, देवघराच्या फळीवर ठेवते. एक रविवार आड त्यावर भूपालांचा मेसेज येतो. सिनेमाचं नाव, वेळ, आणि खाली 'खिडकीकडची खुर्ची धरून ठेवतो.' मला वाटायचं, यादीतल्या सगळ्यांनाच जात असेल, नाव काढायचं राहून गेलं असेल. या वेळी एक ओळ जास्त होती. 'दोन पुरुषांची गोष्ट आहे. तुला बघायची होती.'

माझ्या डोक्यात सणकच गेली. म्हटलं, बघूच काय एवढं बघायचं होतं ते. चांगली इरकल नेसले आणि गेले.

शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. पुढे डावीकडे खिडकी, खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर घडी केलेला रुमाल. एसटीत जागा धरायला टाकतात ना, तसा. शेजारी भूपाल. पाठ वाकलीय आता त्यांची. माझ्या बाजूला एक बाई होत्या, त्यांना मी सहज विचारावं तसं विचारलं, तुम्हाला पण मेसेज येतो का हो? त्यांनी पर्समधून फोन काढून दाखवला. सिनेमाचं नाव, वेळ, संपलं. खुर्चीबिर्ची काही नाही.

मेलेल्या माणसासाठी चार वर्षं कोण रुमाल टाकतं?

सिनेमा परदेशातला. खाली इंग्रजी अक्षरं; निम्मी मला वाचता येत होती, निम्मी पळून जात होती. एक जण होड्या दुरुस्त करणारा, एक पोस्टातला. होडीवाल्याचं लग्न झालेलं. तरी दोघं एकमेकांना सोडत नाहीत, लपतछपत का होईना. मग होडीवाला आजारी पडतो. पोस्टातला दवाखान्याच्या बोळात टोपी हातात धरून उभा. होडीवाल्याची बायको खोलीतून बाहेर येते, त्याच्याकडे बघते आणि दार लावून घेते. एवढं कळायला अक्षरं लागत नाहीत. माझ्या मागे कॉलेजातली एक मुलगी बसली होती. ती म्हणाली, “कसली दुष्ट बाई आहे यार ही!” आणि अख्खा हॉल च्च च्च करायला लागला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वाटलं, मागे वळून त्या मुलीला विचारावं, तू बघितलंस का गं, तिनं किती वर्षं त्याचे सदरे धुतले ते? किती रात्री ती एकटी भिंतीकडे तोंड करून झोपली ते? नाही ना दाखवलं! दोन तासांत त्या बाईला चार वाक्यं. शेवटी पडद्यावर सगळ्यांची नावं आली, त्यात हिला नावसुद्धा नाही. नुसतं 'बायको'. एवढं इंग्रजी मला येतं.

दिवे लागायच्या आत मी उठले. उठताना दिसलं, भूपालांचे खांदे हलत होते आणि हात त्या रुमालावर होता.

आता सांगूनच टाकते, म्हणजे कदाचित डोळा लागेल. दार मीही लावलं होतं.

जयवंत अकरा दिवस दवाखान्यात होते. एका पेशंटला एकच पास, गुलाबी पुठ्ठ्याचा, आणि तो माझ्या पर्समध्ये. खाली वॉचमनशेजारच्या बाकावर भूपाल रोज सकाळी येऊन बसायचे, थर्मासमध्ये भाताची पेज घेऊन. मी औषधं आणायला उतरले की उठून उभे राहायचे. “वहिनी, दोन मिनिटं?” मी सांगायची, “डॉक्टर कुणालाच सोडत नाहीत हो. इन्फेक्शनची भीती आहे.” वर गेले की जयवंत विचारायचे, “भूपालला कळवलंस?” मी सांगायची, “कळवलंय. इचलकरंजीला भावाकडे गेलेत. निघालेत.” तासाभराचा रस्ता. अकरा दिवस मी त्या माणसाला इचलकरंजीहून निघायला लावत होते.

बाराव्या दिवशी सकाळी जयवंतनी दाराकडे बघत विचारलं, “आला का?” मी म्हटलं, “आले, आले. जिन्यात आहेत.” ते दाराकडे बघत राहिले. तसेच गेले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. भूपालना वाटतं, यानं शेवटी माझी आठवणसुद्धा काढली नाही. जयवंतना वाटलं असेल, हा आलाच नाही. मधे मी.

कट्ट. कट्ट. पंख्याचा आवाज आता मागून यायला लागलाय. पंखा वर असतो, मागे नसतो. मागे प्रोजेक्टर असतो.

मी हॉलमध्ये आहे. दिवे मालवलेत, पण अंधार नाही. दुपारचं ऊन आहे तसंच आहे आणि तरी पडद्यावरचं नीट दिसतंय. पायाखाली आमच्या स्वयंपाकघरातल्या फरश्या आहेत, ती एक कोपरा उडालेली सुद्धा. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. खिडकीकडच्या खुर्चीवरचा रुमाल कुणीतरी उचललाय आणि तिथं जयवंत बसलेत. अंगात तपकिरी सफारी, पायात दवाखान्यातल्या निळ्या स्लिपर.

“अहो,” मी म्हणते.

“हळू गं. चालू आहे.”

मी त्यांच्या शेजारी बसते. पडद्यावर एक जिना आहे. पायऱ्या, लोखंडी कठडा, भिंतीला कमरेइतका हिरवा पट्टा. तो जिना मी ओळखते. दिवसातून चार वेळा चढले-उतरलेय. त्यावर कुणी नाही.

“काय बघताय हे?”

“जिना.”

“कधीपासून?”

“तूच म्हणालीस ना, जिन्यात आहेत म्हणून.” त्यांची नजर हलत नाही. “येईल आता. गुडघे दुखतात त्याचे. तू चार गोळ्या कमी लिहून आण म्हणालीस तरी तो दोन-दोन पायऱ्यांनी थांबणारच.”

यातलं गोळ्यांचं मला काही कळत नाही, पण मी मान डोलावते. चार वर्षं हा माणूस इथं बसून रिकामा जिना बघतोय, आणि तो मी लावून दिलाय.

“चला घरी,” मी म्हणते. “चहा टाकते. आलं घालून.”

“तो आला की निघू.”

“उद्या येतील ते.”

“जिन्यात आहे म्हणतेस आणि उद्या येईल म्हणतेस? असं कसं गं?” रागावून नाही बोलले. राग त्यांना कधी जमलाच नाही. मोजणीला गेले की दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी काढायचे आणि हे मधे उभे राहून साखळी सरळ करत बसायचे.

मी गप्प बसते. गप्प बसले तर यांना कधीच कळणार नाही. सांगितलं तर ते मान वळवून माझ्याकडे बघतील, आणि कसे बघतील ते मला माहीत नाही. त्या नजरेची मला भीती वाटते. खरंच वाटते.

“हातात काय आहे तुझ्या?” ते विचारतात, न बघता.

सुताचं बंडल आहे. पांढरं, वडाला गुंडाळायचं. आणि मी बसलेली नाही, मी चालतेय. खुर्चीभोवती गोल. कधी उठले देव जाणे. सूत खुर्चीच्या पाठीवरून जातंय, त्यांच्या छातीवरून, हातांवरून. खुर्चीला पारंब्या आहेत. पाण्याच्या टाकीजवळचा वड आहे हा, आणि ऊन ज्येष्ठातलं आहे. शेजारच्या पाटील वहिनी फणसाचे गरे वाटताहेत आणि ओरडताहेत, “अगं शालन, सातच असतात! झाल्या की सात!”

ते वर्ष मला बरोबर आठवतंय. लेक दहावी पास झाली ते. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी जयवंतना ताप भरला. मी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते, ते डोळे मिटून पडले होते. भूपाल आले, कॉटवर टेकले आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला. जयवंतनी डोळे उघडले. त्यांचा तो चेहरा! सगळं मिळालं असा. सोळा वर्षं संसार केला होता मी, मला तो चेहरा कधी दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दोन बंडलं घेऊन वडाला गेले.

“काचतंय गं,” जयवंत म्हणतात. “किती फेऱ्या झाल्या?”

“चौदा.”

“सात असतात ना?”

“सात सगळ्यांच्या. मी दुप्पट घातल्या. म्हटलं, मधे कुणी घुसायला नको.”

“म्हणजे चौदा जन्म?”

“एक झाला. तेरा बाकी आहेत.”

“अगंबाई,” ते म्हणतात. “तेरा!” आणि चक्क हसतात. पोट हलवून, आवाज न करता, माझ्या आईसमोर हसायचे तसे.

हसले म्हटल्यावर माझा ताबा सुटतो.

“हसताय काय? हौस होती का मला? उपाशीपोटी उन्हात गरगर फिरायची? मला तुम्ही हवे होतात. सगळे हवे होतात. माझ्या वाट्याला निम्मे आलात, तेही जेवायला आणि झोपायला!”

“तुला काही कमी केलं का मी?”

“नाही. तीच तर पंचाईत! लेकीचं शिक्षण केलंत, माझ्या आईचं आजारपण काढलंत, कधी आवाज चढवला नाहीत. कमी केलं असतंत तर कडकडून भांडले असते. मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत तुम्ही.”

पडद्यावरचा जिना तसाच आहे. पाटील वहिनी गेल्या, पण फणसाचा वास आहे.

“ते खरंय,” पडद्याकडे बघतच ते म्हणतात. “तुझं नुकसान केलं मी. मला सांगता आलं नाही, आणि मग फार उशीर झाला.” मग म्हणतात, “शालन, पुढच्या वेळी मला नको मागूस. तुला चांगला मिळू दे.”

“मला काय मिळू दे ते मी ठरवीन.”

“बरं.”

तेवढ्यात पडद्यावर पावलं वाजतात.

जयवंत ताठ होतात. सूत ताणलं जातं, माझ्या हातातलं बंडल ओढलं जातं. जिन्याच्या खालच्या वळणावर सावली दिसते. कुणीतरी चढतंय. मला माहीत आहे की ते येणारे भूपाल नाहीत. भूपाल येऊच शकत नाहीत. जिन्यात एक बाई येते. हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात गुलाबी पास. वर येते, थेट आमच्याकडे बघते आणि थांबते.

“ही कोण?” जयवंत विचारतात.

“बायको,” मी म्हणते.

“कुणाची?”

एक्केचाळीस वर्षं! आणि विचारतात कुणाची! पण त्यांची तरी काय चूक. ते तिच्या मागे बघताहेत, तिच्या खांद्यावरून, तिच्या मागून कुणी येतंय का ते.

“पास?” वॉचमन म्हणतो.

हॉल नाही. मी दवाखान्यात खाली उभी आहे, जिन्याच्या तोंडाशी. पास माझ्या हातात आहे. वॉचमन स्टुलावर, त्याच्या शेजारी बाक, आणि बाकावर जयवंत. मांडीवर थर्मास. छातीवर, हातांवर सूत तसंच. मला बघून ते उठून उभे राहायला बघतात, सुतानं अडतात, आणि म्हणतात, “वहिनी, दोन मिनिटं?”

“अहो, मी आहे! शालन!”

“दोन मिनिटंच, वहिनी. लगेच खाली येतो. हात लावत नाही. दारातूनच बघतो.”

आवाज जयवंतचा. शब्द भूपालांचे. अकरा दिवस रोज ऐकलेले, जसेच्या तसे. मी कानांवर हात ठेवते, तरी ऐकू येतं. “नुसतं दारातून, वहिनी.”

“नका हो असं बोलू,” मी ओरडते. “माझ्याशी असं नका बोलू! सांगते. सगळं सांगते.”

वॉचमन नाही. बाक नाही. खिडकी, खुर्ची, पडद्यावर रिकामा जिना. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसलेय, त्या उडालेल्या कोपऱ्यावर. त्यांच्या स्लिपरकडे बघत बोलते. चेहऱ्याकडे बघायची छाती होत नाही.

“ते इचलकरंजीला गेलेच नव्हते. खाली होते. बाकावर. अकराही दिवस. रोज पेज घेऊन यायचे. डॉक्टरांनी कुणाला अडवलं नव्हतं. मी अडवलं. तुम्ही त्यांचं नाव काढलंत की मला वाटायचं, आता तरी, आता मरताना तरी हा माणूस माझा राहू दे. तेवढे दिवस तरी. म्हणून खोटं बोलले. त्यांच्याशी पण आणि तुमच्याशी पण.”

आता बोलतील. आता शिवी देतील. मी वाट बघते. कट्ट. कट्ट.

“खाली होता?” ते विचारतात.

“हो.”

“रोज?”

“रोज. सात वाजल्यापासून.”

मी वर बघते. बघायलाच लागतं. आणि तोच चेहरा. तापात डोळे उघडले होते तेव्हाचा. सगळं मिळालं असा. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि माणूस आनंदानं नुसता फुललाय.

“आला होता!” ते म्हणतात. “अगं, तो आला होता!”

“मला बोला ना काहीतरी,” मी रडते. राग येतो मला, खूप राग येतो, आणि त्यांना इतकं सुखात बघून जीव पण भरून येतो. “चार वर्षं फसवलं मी तुम्हाला. मला शिव्या द्या.”

आता ते माझ्याकडे बघतात. नीट बघतात. मला ज्या नजरेची भीती होती ती नाही ही. बारीक डोळे करून आकडेमोड तपासताना बघायचे, तशी.

“त्याला सांगितलंस?”

“नाही.”

“मग तो अजून खालीच असेल गं.”

मी सुताचं टोक शोधते. बोटांना सापडत नाही. कुठून सुरू केलं होतं मी? पारंब्यांत, खुर्चीत, त्यांच्या सफारीच्या गुंड्यांत, टोक कुठंच नाही. मी ओढते. ते म्हणतात, हळू. मी जोरात ओढते. कट्ट. कट्ट. क—

आवाज थांबतो.

वीज गेलीय. पंखा फिरायचा थांबतोय, शेवटची एक फेरी घेतोय सावकाश. मी घामानं चिंब. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार. म्हणजे झोपले होते की मी चांगली.

डाव्या हाताचं बोट ठणकतंय. बघते तर उशीच्या अभ्र्याची शिवण वीतभर उसवलीय आणि तो पांढरा दोरा माझ्या तर्जनीला करकचून गुंडाळलाय. फेऱ्यांवर फेऱ्या. बोट जांभळं पडलंय. मी सोडवते. किती फेऱ्या ते मोजत नाही, मोजायचे दिवस संपले. दोरा निघतो, पण खाली वळ राहतात, खोल, एकाखाली एक.

उठते. देवघराच्या फळीवरून जयवंतचा फोन घेते आणि भूपालांच्या नावावर ते दुखरं बोट दाबते. दाबल्यावर लक्षात येतं की तिकडे कुणाचं नाव दिसणार. बंद करणार तेवढ्यात उचलला. पहिली रिंगसुद्धा पुरी झाली नाही.

तिकडून हॅलो नाही. नुसता श्वास.

“जय?”

जय म्हणायचे तर. आमच्यासमोर कधी म्हणाले नाहीत.

“मी आहे,” मी म्हणते. “शालन वहिनी.”

“हां. बोला, वहिनी.” आवाज एकदम म्हातारा होतो.

“सकाळी हॉलमध्ये होते मी. मागे. रुमाल बघितला तुमचा. आता मी बोलते ते मधे न बोलता ऐका, नाहीतर माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

आणि सांगते. इचलकरंजी, इन्फेक्शन, पास. स्वप्नात सांगितलं होतं त्यापेक्षा अवघड जातं, कारण इथं पायाकडे बघायची सोय नाही. “त्यांनी रोज तुम्हाला बोलावलं होतं,” मी म्हणते. “एक दिवस चुकवला नाही. मी येऊ दिलं नाही तुम्हाला.”

मला वाटतं, फोन ठेवला.

“शेवटी?” ते विचारतात.

“शेवटी म्हणाले, आला का. मी म्हटलं, जिन्यात आहेत.”

तिकडून एक आवाज येतो, हुंदका म्हणावा की काय मला कळत नाही.

“होतो,” ते म्हणतात.

“काय?”

“जिन्यात होतो मी. त्या दिवशी सकाळी वॉचमन चहाला गेला होता. पहिल्या वळणापर्यंत चढलो. मग वाटलं, वहिनी नको म्हणाल्यात, तुम्हाला त्रास नको. तिथंच उभा राहिलो. मग वरून तुमचं रडणं ऐकू आलं.”

एक वळण. आठ पायऱ्या राहिल्या असतील.

“तुम्ही असं करायला नको होतं, वहिनी,” ते म्हणतात.

“नको होतं.”

मग विचारतात, अगदी हळू, तेव्हा विचारायचे तसं, “मी येऊ का? दोन मिनिटं?”

“दोन मिनिटं कशाला? जेवून जा,” मी म्हणते. “या. इथं पास लागत नाही.”

त्यांना यायला अर्धा तास लागतो. तोवर मी तोंड धुते, पातेल्यात चहाचं पाणी ठेवते, पुन्हा काढते, पुन्हा ठेवते. दार सताड उघडं ठेवलंय. आमचं घर पहिल्या मजल्यावर. खाली चपला वाजतात. सावकाश. दोन पायऱ्या, थांबणं, दोन पायऱ्या, थांबणं. गुडघे. वळणापर्यंत येतात आणि मग काहीच ऐकू येत नाही.

मी बाहेर येऊन कठडा धरते. बोटावरचे वळ लोखंडाला लागून ठणकतात. खाली भूपाल वळणावर उभे आहेत, हातात तो रुमाल, मान खाली. वर येऊ की नको असे.

“अहो, वर या,” मी म्हणते.

ते वर बघतात. मग पाय उचलतात.

मी घरात वळते. आत कुणी नाही, खुर्च्या रिकाम्या, पंखा बंद. तरी मोठ्यानं सांगते, शेजारी ऐकू गेलं तर जाऊ दे.

“आले हो,” मी सांगते. “आले.”